आगाऊ रक्कम

फ्रेंच लेखक बाल्झाकच्या ‘पेर गोरिओ’ या कादंबरीच्या नावातच एक अपमान आहे आणि भाषांतरात तो हमखास निसटतो. फ्रेंचमध्ये ‘पेर’ म्हणजे बाप. पण गल्लीतल्या, दुकानातल्या एखाद्या वयस्क माणसाच्या आडनावाआधी हाच शब्द लावला, की त्यात ‘अहो म्हातारबा, सरका जरा’ असा सूर येतो. पॅरिसच्या न्यव्ह-सँत-जनव्हिएव्ह रस्त्यावरच्या मादाम वोकेर बाईंच्या खानावळीत गोरिओ १८१३ साली राहायला आला, तेव्हा तो ‘मस्य गोरिओ’ होता. आपल्याकडे म्हणतील तसा गोरिओशेठ. पहिल्या मजल्यावरच्या चांगल्या खोल्या, राहण्या-जेवणाचे वर्षाला १२०० फ्रँक. ट्रंकेत उंची कापडाचे अठरा सदरे, बारीक साखळीने जोडलेल्या हिऱ्याच्या दोन पिना, सोन्याची तपकिरीची डबी आणि कपाटभर चांदीची भांडी.

दुसरं वर्ष संपता संपता त्याने दुसऱ्या मजल्यावर जागा मागितली आणि दर ९०० वर आणला. बाईंना शंका आली, त्यांनी पैसे आगाऊ मागितले. त्याने काही न बोलता ते कबूल केलं. आणि बाल्झाक एका लहानशा वाक्यात सांगून टाकतो, की तेव्हापासून बाई त्याला ‘पेर गोरिओ’ म्हणू लागल्या. तिसऱ्या वर्षाअखेर तिसरा मजला, महिना ४५ फ्रँक. तपकीर बंद झाली, न्हावी बंद झाला, केसांची पावडर गेली. १२००, मग ९००, मग ५४०. त्या काळच्या पॅरिसमध्ये लिफ्ट नव्हती. जिना जितका जास्त तितकं भाडं कमी, त्यामुळे हा माणूस दरवर्षी एक मजला वर चढतो आणि टेबलावरच्या लोकांच्या नजरेत एक पायरी खाली येतो. तिथे कुणाचा तो बाप नव्हता, आणि तिथेच सगळे त्याला ‘बाप’ म्हणत होते.

हा बाप शोकात्म आहे का? १८३५ साली ही कादंबरी पुस्तकरूपात आली, तेव्हापासून या प्रश्नाची दोन उत्तरं दिली जातात. एक, अर्थातच आहे, लेकींनी लुबाडला आणि मरताना टाकला. दुसरं, छे, हा केविलवाणा म्हातारा आहे, वेडाच्या भरात स्वतःचं वाटोळं करून घेणारा. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. मराठीत या बाबतीत एक सोय आहे, ती वापरायला हवी. आपल्याकडे शोकांतिका असा एक शब्द आहे आणि शोकात्मिका असा दुसरा. पहिल्यात फक्त शेवट दुःखाचा असला तरी भागतं. दुसऱ्यात शोक हा त्या माणसाच्या घडणीतच असावा लागतो. ॲरिस्टॉटलची मोजपट्टी जवळपास हीच. माणूस संत नको आणि खलही नको, तो काही एका उंचीवर असावा, त्याच्याच हातून झालेल्या चुकीने तो पडावा, आणि पडताना त्याला आपण काय केलं ते दिसावं.

मराठी वाचक गोरिओपाशी येतो तो बहुतेक वेळा आप्पासाहेब बेलवलकरांचं बोट धरून. साहजिकच आहे. मिळवलेलं सगळं मुलांना देऊन टाकणारा, मग त्यांच्याच दारात नकोसा झालेला बाप म्हटलं की १९७० सालापासून आपल्या डोळ्यांपुढे ‘नटसम्राट’च उभा राहतो. पण हे बोट कादंबरीच्या उंबरठ्यावर सोडावं लागतं. आप्पासाहेबांजवळ भाषा आहे. आयुष्यभर राजांच्या भूमिका केलेला तो माणूस स्वतःचं दुःखही राजासारखं बोलू शकतो. गोरिओजवळ तसलं काही नाही. तो शेवया बनवून विकणारा माणूस आहे. नाटकाला गेला तर तिथे झोपणारा. मग ज्या उंचीवरून पडायचं ती याने आणायची कुठून?

ती उंची धान्यात आहे, आणि बाल्झाकने ती चोख दाखवली आहे. गोरिओ आधी शेवयांच्या कारखान्यात साधा कामगार होता. १७८९ च्या पहिल्याच उठावात मालकाचा बळी गेला, तेव्हा याने तो धंदा विकत घेतला आणि धान्यबाजाराजवळ, जुसिएन रस्त्यावर बस्तान बसवलं. धंद्याला संरक्षण मिळावं म्हणून क्रांतिकाळातल्या आपल्या विभागाचं अध्यक्षपदही पत्करलं. गहू कुठला, प्रत कोणती, टिकेल किती, भाव कधी चढेल, पीक कुठे बुडेल, सिसिलीतून काय आणावं आणि युक्रेनमध्ये काय घ्यावं, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाल्झाक त्याच्या नजरेला गरुडाची म्हणतो. दुकानाच्या बाहेर पडला, की हाच माणूस मठ्ठ आणि ओबडधोबड, चारचौघांत बोलता न येणारा. त्याची सगळी बुद्धी एका अरुंद पन्हळीतून वाहत होती, म्हणून तिला एवढा जोर होता.

आणि याच जागी पहिला मोठा आक्षेप येतो. गोरिओची संपत्ती टंचाईच्या काळातली आहे. बेकरीच्या दारात माणसं एकमेकांच्या जिवावर उठत होती, तेव्हा ऐपतवाले किराणा दुकानातून निवांत शेवया नेत होते, आणि त्यात हा श्रीमंत झाला. लांजेची सरदारपत्नी तर म्हणते की त्याने पीठ दसपट भावाने विकलं. अशा माणसासाठी डोळ्यांत पाणी का आणावं? हा आक्षेप मला टाळावासा वाटत नाही. उलट तो असल्यामुळेच गोरिओ संतपणातून सुटतो. निव्वळ भोळा, निव्वळ चांगला बाप लुबाडला जातो तेव्हा आपल्याला फक्त राग येतो. हा माणूस भोळा नाही. भुकेचा भाव त्याला अचूक कळत होता, आणि तो कसा वसूल करायचा हेही.

बायको ब्री प्रांतातल्या एका सधन शेतकऱ्याची मुलगी. सात वर्षांचा संसार सुखाचा झाला आणि ती गेली. मग उरलेलं सगळं प्रेम दोन मुलींवर वळलं. वर्षाला ६० हजारांवर उत्पन्न असताना तो स्वतःवर १२०० फ्रँकसुद्धा खर्च करत नव्हता, आणि मुलींना गाडी, घोडेस्वारी, सोबतीला बाई. लग्नं त्यांच्या पसंतीची लावली. अनास्तासी रेस्तो घराण्याची काउंटेस झाली, देल्फीन न्यूसिंजेन नावाच्या बँकरची बॅरोनेस. गोरिओच्या स्वतःच्या सांगण्यानुसार हुंडा प्रत्येकी जवळपास आठ लाख फ्रँक.

त्याची चूक म्हणतात ती इथेच आहे, पण ती नेमकी कोणती हे नीट बघावं लागतं. ‘जास्त प्रेम केलं’ हे उत्तर गोरिओचंच आहे, मरताना तो तेच म्हणतो. ‘मुलींना लाडावून ठेवलं’ हे शेजाऱ्यांचं. मला दिसते ती चूक व्यापाऱ्याची आहे. ज्याने उभ्या जन्मात दाणा पारखल्याशिवाय पोत्याचा भाव ठरवला नाही, त्याने आपल्या सगळ्यात मोठ्या व्यवहारात पूर्ण रक्कम आगाऊ मोजली, मालाची बोली न करता. आणि असं तो विसरून करत नाही. मुलींच्या बाबतीत भाव करणं त्याला पापच वाटत असणार. मृत्युशय्येवर तो रास्तिन्याकला, त्या कायदा शिकणाऱ्या तरुण शेजाऱ्याला, सगळं क्रमाने सांगतो. लग्नानंतरचे पहिले काही महिने त्याचं पान दोन्ही घरी मांडलेलं असायचं. जावई अदबीने वागायचे. ज्या माणसाने लेकींना आठ-आठ लाख दिले, त्याच्याकडे अजून काहीतरी असणारच. मग एक दिवस जेवताना तो काहीतरी वेडगळ बोलून गेला आणि अनास्तासीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्या एका नजरेने आपल्या सगळ्या शिरा उघडल्या, असं तो म्हणतो.

पुढे पाच वर्षं लेकी-जावयांनी तगादा लावला, की हे शेवयांचं दुकान बंद करा, आम्हाला लाज वाटते. त्याने बंद केलं. म्हणजे उंचीही स्वतःच्या हाताने काढून दिली. यानंतर कादंबरीत गोरिओकडे आहे ते फक्त विकण्याजोगं सामान.

त्या सामानातली एक वस्तू जवळून बघण्यासारखी आहे. खानावळीत आला त्या दिवशी कपाट लावताना त्याने एक बशी आणि एक झाकणाचं लहान भांडं हातात धरलं होतं. झाकणावर दोन पारवे, चोचीला चोच लावलेले. लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी बायकोने लग्नाआधीची साठवलेली पुंजी मोडून ते त्याला दिलं होतं. वोकेर बाईंना तो म्हणाला होता, नखांनी जमीन उकरून पोट भरेन पण हे मोडणार नाही. कादंबरी सुरू होते त्या १८१९ च्या हिवाळ्यात एका रात्री रास्तिन्याकला शेजारच्या खोलीतून कण्हण्यासारखा आवाज येतो. किल्लीच्या भोकातून तो बघतो. म्हाताऱ्याने टेबल उलटं केलं आहे, त्याच्या आडव्या दांडीला नक्षीकामाची सोन्याचा मुलामा दिलेली भांडी बांधली आहेत, आणि दोराने पीळ देत देत तो त्यांचा चुरगळून गोळा करतो आहे. सत्तरीला टेकलेल्या हातांत इतका जोर, की रास्तिन्याकला तो चोर वाटतो. सकाळी साडेआठला दोफीन रस्त्यावरच्या सोनाराकडे तो ऐवज विकला जातो, आणि तिथून म्हातारा थेट गोबसेक सावकाराकडे जातो, थोरलीने अडकवलेली हुंडी सोडवायला.

या प्रसंगात बाल्झाक रडारड करत नाही. तो दोर दाखवतो, दांडी दाखवतो, पीळ दाखवतो. धातू कसा वाकवायचा हे कामगार म्हणून वाढलेल्या माणसाला माहीत आहे, एवढंच. ज्या हातांनी पीठ मळलं तेच हात बायकोची आठवण मळत आहेत, हे वाचणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यायचं.

त्यानंतर घसरगुंडी आकड्यांतच दिसते. त्याच्याकडे वर्षाला १३५० देणारे कायमचे सरकारी रोखे होते. ते विकले. त्यातले १५ हजार गुंतवून हयातीपुरतं १२०० चं वार्षिक उत्पन्न घेतलं, आणि उरलेल्या पैशांत धाकट्या लेकीसाठी आर्त्वा रस्त्यावर एक घर सजवून दिलं. १२०० हा आकडा आधीही भेटला आहे. भरभराटीत तो स्वतःवर याहून कमीच खर्चायचा, आणि खानावळीतलं पहिलं भाडंही तेवढंच होतं. पण रोखे मुलींना वारसाने गेले असते, हयातीचं उत्पन्न त्याच्याबरोबर संपणार होतं. धान्याचा व्यापारी हा फरक न कळण्याइतका खुळा नव्हता.

घर सजवलं ते कशासाठी, हा दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. ते देल्फीनच्या संसारासाठी नव्हतं. ते रास्तिन्याकसाठी होतं, देल्फीन नवऱ्याला चुकवून त्याला तिथे भेटेल म्हणून. बदल्यात बापाला वरच्या मजल्यावर एक खोली हवी होती. लेक येताना-जाताना तिची पावलं ऐकू येतील, एवढ्यासाठी. बाप म्हणून हे कुणालाही पचणार नाही, आणि पचवायचा प्रयत्नही करू नये. शाँझेलिझेवर झाडाखाली उभं राहून लेकींच्या गाड्या जाताना बघणारा, त्यांच्या मांडीवरचा कुत्रा होण्याची इच्छा बोलून दाखवणारा हा माणूस कधीच बापपणाच्या हद्दीपलीकडे गेला आहे. बाल्झाक एका जागी त्याला बापपणाचा ख्रिस्त म्हणतो. मला ते विशेषण जड वाटतं. ख्रिस्ताला कोणाच्या जिन्यावरची पावलं ऐकायची नव्हती. गोरिओ देतो त्यात हाव आहे, लेकींच्या सुखात घुसून बसण्याची हाव. दानात मिसळलेली ही हाव दिसली, की तो माझ्या लेखी शोकात्म होऊ लागतो, कारण आता लुबाडणारे एका बाजूला आणि लुबाडलेला दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी उरत नाही.

शेवटचा व्यवहार एक हजार फ्रँकचा आहे. अनास्तासीने बोसेआँ बाईंच्या नाचासाठी जरीचा पोशाख शिवायला टाकला होता. शिंपिणीने उधार द्यायचं नाकारलं, मोलकरणीने स्वतःचे हजार फ्रँक इसार म्हणून भरले. ते फेडायला बापाने चमचे-काटे आणि बकलं ६०० ला विकली आणि उरलेल्या ४०० साठी आपलं वर्षभराचं उत्पन्न गोबसेककडे गहाण टाकलं. १२०० चं उत्पन्न ४०० रोखीत. तरुणपणी नुसत्या पावावर निघायचं, आताही निघेल, असं तो म्हणतो. त्याच्या दोन-तीन दिवस आधी दोघी बहिणी त्याच्या खोलीत, त्याच्यासमोर एकमेकींना घालूनपाडून बोलल्या होत्या. थोरलीला १२ हजार हवे होते आणि ते धाकटीच्या घरात गेले होते. त्या भांडणानेच त्याच्या डोक्यात घाव बसला. दोघी भांडत होत्या ते योग्यच होतं. त्याच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, यावरच प्रेम मोजायचं असतं, हे त्यांना शिकवलं होतं ते त्यानेच.

आता ॲरिस्टॉटलची शेवटची अट: माणसाला दिसावं. गोरिओला दिसतं का? फेब्रुवारी १८२० मधल्या त्या मरणाच्या दिवशी तो जे बोलतो ते फार लांब आहे, आणि ते सरळ रेषेत जात नाही. लेकी येणार नाहीत हे कळल्यावर तो म्हणतो की पैशाने सगळं मिळतं, मुलीसुद्धा. बापाने कायम श्रीमंत राहावं, मुलांचा लगाम अवखळ घोड्यांसारखा हातात धरावा. मग कायदा आठवतो, पोलीस पाठवून त्यांना आणा म्हणतो. दुसऱ्याच क्षणी त्यांचा काही दोष नाही, सगळं माझंच चुकलं, मीच त्यांना मला तुडवायची सवय लावली. आणि मधेच एक वाक्य येतं, इतक्या साधेपणाने की घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटेल: त्या येणार नाहीत, हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. कधीकधी स्वतःशी म्हणायचो, पण खरं मानायचं धाडस होत नव्हतं.

दहा वर्षं. शेक्सपिअरच्या लिअर राजाला काही माहीत नव्हतं आणि मग कळलं, म्हणून तो कोसळतो. गोरिओला माहीत होतं. पारवे पिळताना माहीत होतं, रोखे मोडताना माहीत होतं, शेवटचे ४०० उचलताना माहीत होतं. म्हणजे ओळख पटण्याचा क्षण मरणाच्या अंथरुणावरचा नाही, तो अनास्तासीच्या त्या नजरेचा आहे. त्यानंतरची दहा वर्षं हा माणूस ती ओळख पुन्हा झाकून ठेवण्याची किंमत भरतो आहे. दर हप्त्याला त्याला मिळतं ते लेकीचं प्रेम नाही, ‘अजून कळलेलं नाही’ असं समजून जगायची आणखी थोडी मुदत. केविलवाणा म्हणणारे टीकाकार इथे चुकतात असं माझं ठाम मत आहे. केविलवाणा माणूस न कळून फसतो.

शुद्ध जाता जाता तो शेवटचा सौदा मांडतो. ओदेसाला जाईन, तिथे शेवया करीन, स्टार्चच्या धंद्यात लाखो आहेत, असं त्यांना सांगा. हावेपोटी आल्या तरी चालेल, मी फसलो तरी चालेल, त्या दिसतील तरी. ही विनवणी वाचल्यावर त्याला वेडा म्हणणं मला जमत नाही. स्वतःच्या फसवणुकीचा भाव तो पूर्ण शुद्धीत ठरवतो आहे.

मग त्याची नजर जाते. अंथरुणाच्या दोन बाजूंना रास्तिन्याक आणि वैद्यकीचा विद्यार्थी बियांशों वाकलेले असतात. म्हातारा हात पसरतो, दोघांची डोकी हाताला लागतात, तो त्यांचे केस घट्ट मुठीत धरतो आणि पुटपुटतो, माझ्या देवदूतांनो. थोड्या वेळाने अनास्तासी येते तेव्हा तो कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेलेला असतो. देल्फीन येतच नाही. त्याच्या गळ्यात केसांची एक साखळी आहे, बहुधा बायकोच्या केसांची. तिच्यात एक लॉकेट, एका बाजूला अनास्तासी, दुसऱ्या बाजूला देल्फीन अशी नावं कोरलेलं, आणि आत दोघींच्या तान्हेपणाचं मऊ जावळ. ते काढलं तेव्हा तो विव्हळला, परत छातीवर ठेवलं तेव्हा शांत झाला.

अंत्यविधी दोन विद्यार्थ्यांनी केला. शवपेटी बियांशोंने आपल्या इस्पितळातून स्वस्तात आणली. चर्चमधली पूर्ण प्रार्थना परवडेना, म्हणून कमी दराची संध्याकाळची घेतली. ७० फ्रँकमध्ये दोन पाद्री, एक मुलगा, एक सेवक आणि वीस मिनिटं. पेर-लाशेझ दफनभूमीच्या वाटेवर रेस्तो आणि न्यूसिंजेन घराण्यांच्या दोन गाड्या मागून आल्या, दारांवर घराण्यांची चिन्हं आणि आत कोणीच नाही. संध्याकाळी सहाला पेटी खाली गेली. खड्डा खणणाऱ्या दोघांनी चहापाण्याला मागितलं, तेव्हा रास्तिन्याकच्या खिशात काही नव्हतं. त्याने खानावळीतल्या गड्याकडून वीस सू, म्हणजे एक फ्रँक, उसने घेतले.

गोरिओ गेल्याची बातमी वोकेर बाईंच्या जेवणघरात पोचली, तेव्हा टेबल नेहमीसारखं भरलेलं होतं. त्याची जागा टेबलाच्या टोकाला होती, वाढप्यांच्या दाराजवळ. तिथे बसून रुमालाखालचा पावाचा तुकडा नाकाशी न्यायची त्याला सवय होती. पीठ कुठल्या गव्हाचं आहे ते हुंगून बघायचा, धंदा सोडून वर्षं झाली तरी. टेबलावरचा एक जण म्हणाला, म्हणजे आता पेर गोरिओ पाव असा हुंगणार नाही तर, आणि त्याने तो कसा हुंगायचा ते नाक आक्रसून करून दाखवलं.